वाटी, काठ आणि दांडा

६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं बरे आहोत. वहिनींची कंबर कशी आहे ते तूच लिही, त्या स्वतः कधी खरं लिहीत नाहीत.

तुझ्या दातांचं वाचलं. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. हे म्हणाले, दात त्याचे पडणार आणि तोंड तू का पाडलंस. वरचे पुढचे चार हलतायत, मार्चअखेर काढणार, मग कवळी बसवणार, आणि कवळीवर ट्रॉम्बोन वाजेल की नाही ते दातांचा डॉक्टरही सांगू शकत नाही. म्हणजे हातात तीन महिनेसुद्धा नाहीत. म्हणून हे पत्र.

बाबांची ती तीन ट्रॉम्बोनची संथ चाल. बाबा गेल्यापासून मधली ओळ तू वाजवतोस, खालची तुझे दोस्त बेकरीवाले वाजवतात, आणि बाबांची वरची ओळ कोणीच वाजवत नाही. वर्षातून दोनदा बेकरीवाले इथून तुझ्याकडे येतात, तुम्ही दोघं ती बिनडोक्याची चाल वाजवता आणि चहा पिऊन उठता. तीस वर्षं हेच. तुझे दात जायच्या आधी एकदा तरी ती पुरी वाजली पाहिजे. वरची ओळ मी वाजवणार.

हसून घे. मी तिसरीत शाळा सोडली, नोटेशन मला मुंग्यांसारखं दिसतं, सगळं मान्य. पण बाबांचा स्टँड मोडला तेव्हा कागद धरून त्यांच्यासमोर कोण उभं राहायचं? पाच वर्षं त्या घरातला स्टँड मी होते. ती ओळ मला कागदाच्या मागच्या बाजूनं पाठ आहे.

वाद्य मिळालं. आमच्या कारखान्याच्या बँडचा आल्टो ट्रॉम्बोन कपाटात पडून होता, तुझ्या ट्रॉम्बोनपेक्षा आखूड, बाबांच्यासारखाच. दिवसभर मी पितळी नळांना पॉलिश मारते, त्यात यालाही मारलं. स्लाइड सुरळीत सरकते. पण माउथपीस हरवलेला. बेकरीवाले दर रविवारी शिकवायला तयार आहेत. ते म्हणतात, वाद्य लहान तर माउथपीसही लहानात लहान घ्या, वरचे सूर पटकन निघतील. मला पटकनच हवेत. तरी तुला विचारते, कुठला घेऊ? एका ओळीत लिही. चार पानं लिहिलीस तर मी वाचणार नाही.

लोभ आहेच, वाढला तर माझी ना नाही.

तुझी,
घाई

•

१४ जानेवारी

चि. सौ. घाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो नाही. चष्मा पुसला आणि परत वाचलं. वहिनीची कंबर बरी आहे असं ती म्हणते, म्हणजे दुखते आहे.

आता माउथपीसबद्दल. एका ओळीत लिहिता येत नाही, त्याला मी काय करू? आधी एवढं लक्षात ठेव, लहानात लहान घेऊ नकोस. सोबत माझा माउथपीस पाठवतो आहे. त्याचा काठ रुंद आहे, नवशिक्या ओठांना असाच काठ सोसतो. तो हातात घेऊन पुढचं वाच.

माउथपीसमध्ये तीन गोष्टी बघायच्या. ओठ टेकतात तो काठ. आतला खळगा ती वाटी. आणि नळीत शिरतो तो दांडा. वाटी उथळ असली की वरचे सूर पहिल्याच दिवशी निघतात, पण पिपाणीसारखे, आणि ओठ अर्ध्या तासात जीव सोडतात. वाटी फार खोल असली की आवाज भरदार होतो, पण आल्टोसारख्या लहान वाद्याला ते झेपत नाही. सूर खाली बसतो, वरचे सूर रुसतात. पहिला माउथपीस मधला घ्यावा. वाटी मध्यम, काठ ना धारदार ना जाडजूड. कंटाळवाणा सल्ला आहे, पण बरोबर आहे.

आता हे तिसरं पान, आणि यातलंच सगळ्यात महत्त्वाचं. पाठवलेला माउथपीस वाजवायला नाही. माझा ट्रॉम्बोन मोठा, त्याचा दांडाही जाड, तो तुझ्या नळीत जाणार नाही. नुसता ओठांना लावून फुरफुर करायची, म्हणजे काठ कसा हवा ते ओठांना कळेल. तो ठोकू नकोस, दाबू नकोस, आणि तुझा धंदा मला माहीत आहे म्हणून लिहितो, घासू तर मुळीच नकोस. पंधरा दिवसांत परत पाठव. सव्वीस वर्षं मी याच एका माउथपीसवर वाजवतो आहे. हे दात हलायला लागल्यापासून दुसरे दोन लावून बघितले, एकावरही सूर लागत नाही. शेवटची चाल वाजलीच तर यावरच वाजेल.

दुकानात जाशील तेव्हा तीन मागून घे. पहिल्या फुंकीवर ठरवू नकोस, कारण पहिल्या फुंकीला सगळेच गोड बोलतात. ओठ दमेपर्यंत वाजव. दमलेल्या ओठांना जो साथ देतो तो तुझा. दमल्यावर निवडायचं, हे तुझ्या स्वभावात बसत नाही. तरी कर.

मेहुण्यांना नमस्कार. या म्हाताऱ्यावर माया असू दे, आणि चौथ्या पानापर्यंत पोचलीस तर तसं कळव.

तुझा,
दादा

•

२३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. तुझं पहिलं पान वाचलं, बाकीची सवडीनं वाचीन. मला एक पान वाचायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे आणि तू अक्षरं मुंगीच्या पायांएवढी काढतोस. पण मुद्दा कळला. लहान नको, रुंद काठाचा हवा, म्हणून तू तुझाच पाठवलास. मन भरून आलं रे. मी असं काही लिहीत नाही, आज लिहिते.

पण तू एक बघितलं नाहीस. दांडा जाड होता, माझ्या नळीत शिरेना. त्यात काय एवढं? रोज दोनशे तोट्या हाताखालून जातात माझ्या. जेवणाच्या सुट्टीत आधी कानस मारली, मग चाकावर धरला, दर दोन मिनिटांनी लावून बघत. वीस मिनिटांत असा चपखल बसला की हेसुद्धा म्हणाले, हात आहे तुझा. ते तीस वर्षं लेथवर आहेत, सहज चांगलं म्हणत नाहीत.

आता रडगाणं. आवाज येतो, पण गादीखालून आल्यासारखा. खालचे सूर बरे. वर चढायला गेलं की निम्म्या जिन्यावर बसकण. बेकरीवाले म्हणतात, तुम्ही सगळंच अर्धा सूर खाली वाजवता, ही वाटी या वाद्याला फार खोल आहे. मी त्यांना गप्प केलं. म्हटलं दादा चुकायचा नाही, माझे ओठच कच्चे आहेत. ओठ सुजून माझं तोंड माशासारखं झालंय, कारखान्यात सगळ्या बायका हसतात. हसू देत.

तू आता दुसऱ्या माउथपीसवर वाजवत असशील. सांभाळून वाजव.

माझ्यावर आहे तेवढा जीव असू दे, जास्त नको, मला लाज वाटते.

तुझी,
घाई

•

३१ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

यांनी मला लिहू नकोस म्हणून बजावलं आहे, म्हणून लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे खुर्चीत बसून वाचत होते. दोन वेळा वाचलं, घडी केली, आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. चहा नेला तर म्हणाले, ठेव. ट्रॉम्बोनची पेटी उघडून नुसती माउथपीसची रिकामी खाच बघत होते. मी विचारलं तर म्हणाले, घाईनं दांडा घासला. एवढंच.

रागावले नाहीत तुमच्यावर. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. उलट मला म्हणाले, चूक माझी, तिला मी जन्मापासून ओळखतो, आणि मी ते तिसऱ्या पानावर लिहिलं.

वन्सं, त्यांची उरलेली पानं काढा आणि वाचा. तिसरं आधी वाचा. आणखी एक. काल दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. हिरडी चिघळते आहे, मार्चअखेरपर्यंत थांबता येणार नाही म्हणाले. चार मार्च दिला आहे.

माझी कंबर ठीक आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊन बसू नका, बसण्यासारखा वेळ नाही. ममता ठेवावी.

तुमची,
वहिनी

•

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिसरं पान वाचलं. मग चौथंही वाचलं. मग पहिल्यापासून सगळं परत वाचलं, आणि ह्यांनाही वाचायला लावलं. हे उठले, माउथपीस घेतला, डोळ्याजवळ धरून खिडकीशी उभे राहिले.

माफी मागत नाही. माफीनं पितळ परत येत नाही. तुझ्या सव्वीस वर्षांच्या गोष्टीला मी कानस लावली, विचारलं नाही, वाचलं नाही. मला शाळेत कमी घातलं असं मी सगळ्यांना ऐकवते, पण चार पानं वाचायला शाळा लागत नाही, बूड टेकून बसावं लागतं. बस, याच्यावर आणखी नाही लिहीत.

आता नीट ऐक. मी काठाला हात लावलेला नाही. वाटी आहे तशी आहे. आतलं भोक आहे तसं आहे. गेलंय ते फक्त दांड्याच्या बाहेरचं पितळ. हे म्हणतात, त्याच्यावर एक बुश चढवता येईल. म्हणजे पितळेची बाही समज, आतून माझ्या घासलेल्या दांड्याच्या मापाची, बाहेरून तुझ्या ट्रॉम्बोनच्या मापाची. दोन्हीकडून निमुळती, म्हणून काम किचकट आहे, पण हे करतील. फक्त तुझ्या नळीच्या तोंडाचं माप हवं, आणि ते आकड्यांत नको, तुझे आकडे मला चालणार नाहीत.

असं कर. एक जाड मेणबत्ती घे. गरम पाण्यात धरून मऊ कर. माउथपीस बसतो तिथे ती दाबून घाल, गोल फिरव, थंड होऊ दे, आणि सरळ ओढून काढ. तोंडाशी नखानं खूण कर. कापसात गुंडाळून पाठव. तुटली तर दुसरी कर. वहिनींना करायला सांग, त्यांचा हात तुझ्यापेक्षा स्थिर आहे.

चार मार्चचं कळलं. वहिनींना रागावू नकोस. एक मार्चला रविवार आहे, त्या दिवशी बेकरीवाले, हे आणि मी तुझ्याकडे येतो. तोपर्यंत मी माझ्यासाठी माउथपीस निवडते. तू सांगितलंस तसा.

या पत्रावर लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही. वहिनींना नमस्कार.

घाई

•

११ फेब्रुवारी

चि. सौ. घाईस,
अनेक आशीर्वाद.

सोबत मेणबत्ती. ही पाचवी आहे. पहिली तीन मी केली, ती नळीतच मोडली. वहिनीनं ती सुईनं कोरून काढली आणि मला खोलीबाहेर बसवलं.

तुझ्यावर चिडलो होतो, ते लपवत नाही. दोन दिवस मनातल्या मनात तुला लहानपणी बोलायचो तसं बोललो. मग मेहुण्यांचं आणि तुझं ते बुशाचं वाचलं आणि आधी हसू आलं, मग वाटलं, कोणास ठाऊक. सूर लागेल का? नळीत एक सांधा जास्त आला की फुंकीला ते कळतं. सांधा आत जरासाही उघडा राहिला तर आवाज फाटेल. मेहुण्यांना एवढं सांग.

बुश जमला नाही तर मी गप्प बसून तुमचं दोघांचं ऐकीन. हे मनापासून लिहितो. तू एका चुकीपायी ओळ सोडू नकोस.

बेकरीवाल्याचं लहान माउथपीसचं वेड ऐकू नकोस. माझंही फार ऐकू नकोस. तुझे ओठ तुझ्या तोंडावर आहेत, आमच्या नाही.

जीव लावतेस तसा लावत राहा, कानस मात्र बाजूला ठेवून.

तुझा,
दादा

•

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

या डबीत तुझा माउथपीस आहे, बुश चढवून. ह्यांनी तीन बुश वाया घालवले, चौथा बसला. आत बोट घालून बघ, सांधा लागणार नाही. पॉलिश पेपर मी मारला, पण ह्यांच्या नजरेसमोर, आणि ह्यांनी थांब म्हटलं की थांबले. लगेच वाजवून बघ, दहा दिवस हातात आहेत.

आता दुकान. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी रजा टाकून गेले. काउंटरवर एक पोक्त बाई होत्या, त्यांनी विचारलं, मुलाला हवाय की नातवाला? म्हटलं मला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि तीन काढून ठेवले, एक उथळ वाटीचा, एक मधला, एक खोल. दांडा तिन्हींचाही माझ्या नळीला बरोबर. मी ते आधी बघितलं.

उथळ लावला. दादा, काय सांगू! बाबांच्या ओळीतला तो सगळ्यात वरचा सूर, ज्याच्यासाठी महिनाभर तोंड फोडून घेतलं, तो पहिल्या फुंकीला निघाला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मला उड्या माराव्याशा वाटल्या. बाईंना म्हटलं, हा बांधून द्या.

मग तुझं दमल्यावर निवडायचं आठवलं. मला अस्सा संताप आला तुझा. स्टुलावर बसले. एका जागी दीड तास बसले, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. तिन्ही आलटून पालटून, लांब सूर, मग ओळ, मग परत लांब सूर. बाईंनी सुरुवातीला कौतुकानं ऐकलं, नंतर कानात कापूस घालायचं तेवढं बाकी राहिलं. अर्ध्या तासात उथळवाल्यानं दगा दिला. वरचा सूर नुसता चिरकायला लागला, काठ ओठात रुतला, खालचा सूर तर येईचना. खोलवाला म्हणजे तुझ्याच माउथपीसचा भाऊ, गादीखालचा आवाज. मधल्यानं सुरुवातीला काहीच चमत्कार केला नाही. वरचा सूर मागितला तर त्यानं पाचातून दोनदा दिला. पण ओठ पार मेल्यावरही त्याची मधली पट्टी स्वच्छ बोलत होती, आणि सूर खाली बसत नव्हता.

मधला घेतला. बेकरीवाले नाराज झाले, मग रविवारी ऐकून गप्प झाले. ते गप्प झाले की समजायचं पटलं.

वरचा सूर अजून पाचातून तीनदाच येतो. तुला आधीच सांगून ठेवते.

एक तारखेच्या रविवारी पोचतो. दार उघडं ठेव आणि मनही.

तुझी,
घाई

•

१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हिरड्या कशा आहेत? वहिनींनी लिहिलं, की सूज उतरली, पातळ खातोस, बोलता येत नाही म्हणून पाटीवर लिहून वाद घालतोस. म्हणजे तब्येत चांगली आहे.

पाटीवर तू एकच विचारलंस म्हणे, की तू उठून गेल्यावर चालीचा शेवट कसा झाला. तेव्हा कोणी धड बोललं नाही. तू मोरीवर नळ सोडून उभा, वहिनी टॉवेल घेऊन धावलेल्या, तुझा सदरा रक्तानं भरलेला. मग निघायची घाई. म्हणून आता सांगते.

सुरुवातीचं तुला माहीत आहे. बुशाचा पहिला सूर लागला तेव्हा तू ह्यांच्याकडे बघून मान हलवलीस. हे त्या दिवसापासून लेथवर शीळ घालतात, खात्यातले लोक विचारतात काय झालं. पहिली फेरी आपण तिघांनी पुरी वाजवली. माझा वरचा सूर फाटला, पण फाटका का होईना, तिथे होता. तू डोळे मिटले होतेस म्हणून तुला दिसलं नाही, बेकरीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्यांना पुसता येत नव्हतं, दोन्ही हात गुंतलेले.

दुसऱ्या फेरीत तुझा दात सुटला आणि तू हातानं खूण केलीस, की चालू द्या. बेकरीवाले थांबले होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मग आम्ही दोघांनी शेवटपर्यंत वाजवली. वरून मी, खालून ते, मधे काही नाही. जिना आहे आणि मधल्या पायऱ्याच काढून नेल्यात, तसं. पाय टाकायला जागा नाही. तरी मी मनात तुझी ओळ मोजत गेले आणि जिथे तू श्वास घ्यायचास तिथे घेतला. शेवटचा वरचा सूर स्वच्छ आला. तुला ऐकू आला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तीस वर्षं वरची ओळ रिकामी ठेवून वाजवताना तुला काय होत असेल ते मला तेव्हा कळलं. आधी का नाही बोललास रे? बोललास असशील. मी ऐकलं नसेल.

आम्ही दर रविवारी वाजवतो, दोघंच. आज बेकरीवाले म्हणाले, कारखान्याच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला चांगला आहे, त्याला मधल्या ओळीवर घेऊ या, जागा रिकामी आहे. मी त्यांना सांगितलं, जागा रिकामी नाही. माणूस रजेवर आहे.

वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घे, आणि आमच्यावरची माया तेवढी पातळ करू नकोस.

तुझी,
घाई